गोल शिक्क्याची गॅरंटी

१० जानेवारी २०२२, सोमवार. डहाणू

आज जयमालाने सुके बोंबील भाजले आणि मला वास आला नाही.

हे वाक्य दोनदा लिहून खोडलं, तिसऱ्यांदा तसंच राहू दिलं. माझी बायको माहेरची समुद्रकाठच्या नरपडची. ती बोंबील भाजते तेव्हा वरच्या मजल्यावरचे लोक खिडक्या लावून घेतात आणि खालची मांजरं जिना चढून येतात. मी गॅसपासून चार फुटांवर बसलो होतो. मांजरं आली. मी विचारलं, "आज काय केलंयस?" मग कांदा फोडून तिने माझ्या नाकाशी धरला. डोळ्यांतून पाणी आलं, वास काही आला नाही.

"अहो, तुम्हाला झालाय," ती म्हणाली.

"मला होऊ शकत नाही. माझे दोन्ही डोस झालेत. सर्टिफिकेट लॅमिनेट केलंय."

मला कोविड न होण्याचं आणखी एक कारण आहे. ते इथे लिहून ठेवतो, दुसरीकडे कुठे लिहिता येणार नाही. मी सायवनच्या पुढे खडकीपाड्यावरच्या शाळेचा मुख्याध्यापक. गेल्या सप्टेंबरात पाड्यावर लसीची गाडी आली तेव्हा एकही माणूस घराबाहेर पडला नाही. देवजी म्हणून तिथला म्हातारा आहे, पाड्यात त्याचा शब्द चालतो. तो म्हणाला, "गुरजी, मिक्सर घेतला तरी गॅरंटीचा कागद देतात. हे तर अंगात टोचायचं. कागद द्या." आमच्या आशा ताईने, योगिताने, त्याला समजावलं की लसीला असा कागद नसतो. त्याने मान हलवली आणि तो बिडी ओढत बसला. नर्सने पेटी बंद केली. तेव्हा मी शाळेत गेलो आणि शाळेच्या छापील कागदावर लिहिलं: "लस घेतल्यावर कोविड होणार नाही याची गॅरंटी मी देतो. झाल्यास देवजीच्या घराची पुढच्या उन्हाळ्यातली शाकारणी मी स्वतः करीन." शाकारणीचं कलम देवजीचं. त्याच्या घरावर अर्धी कौलं, अर्धं गवत, ते पावसाआधी नव्याने घालावं लागतं. खाली सही, वासुदेव चुरी, मुख्याध्यापक, आणि गोल शिक्का. पहिला शिक्का फिका आला म्हणून दुसरा मारला.

त्या दिवशी एकशे त्रेचाळीस जणांनी दंड पुढे केला. सगळ्यांत शेवटी देवजीची बायको जिजा आली. तिला दमा आहे. नंतर दोन दिवस तिला ताप आला आणि तिने जाहीर केलं की आता पुन्हा नाही. देवजीने कागद दाखवून दाखवून तिला दुसऱ्या डोससाठी कसंबसं राजी केलंय.

दुसऱ्या डोसचं शिबिर पुढच्या मंगळवारी आहे, अठरा तारखेला. गॅरंटी देणाऱ्यालाच कोविड झाला हे पाड्यावर कळलं तर एकही दंड उघडा होणार नाही, जिजाचा तर नाहीच. म्हणून मला सर्दी झाली आहे.

११ जानेवारी, मंगळवार

सर्दी असली तरी खात्री करून घ्यावी, असं जयमालाचं म्हणणं. डहाणूत तपासून चालणार नव्हतं, इथे निम्म्या गावाला मी स्कॉलरशिपच्या परीक्षेला बसवलंय. मोटरसायकल काढून तलासरी गाठली. डोक्याला मफलर, त्यावर हेल्मेट, तोंडावर दोन मास्क आणि डोळ्यांवर जयमालाचा गॉगल. सख्ख्या आईने ओळखलं नसतं.

रांगेत भिंतीकडे तोंड करून उभा होतो. मागून आवाज आला, "गुरजी, तुमी इथं?"

चैत्या. देवजीचा धाकटा. मिरचीचा टेम्पो चालवतो, वापीला माल टाकून परत येताना चहाला थांबला होता. मला कसं ओळखलं विचारल्यावर त्याने माझ्या पिशवीकडे बोट दाखवलं. पिशवीवर शाळेचं नाव छापलंय, खाली माझं.

"लांब उभा राहा," मी म्हणालो. "प्रशिक्षणाला आलोय."

"नाकात काडी घालायच्या?"

"हो. शिक्षकांना शिकवताहेत. आधी स्वतःच्या नाकात अनुभव घ्यावा लागतो."

चैत्याने रांगेतल्या बाकीच्या शिक्षकांकडे पाहिलं. त्यात एक नऊवारीतली आजी होती. "किती दिवसांचं हाय?" त्याने विचारलं.

"सात."

"बरं," तो म्हणाला. "जपून करा प्रशिक्षण." भोळा पोरगा आहे, लगेच पटलं त्याला.

पंधरा मिनिटांत पट्टीवर दोन रेघा आल्या. तपासणारी मुलगी म्हणाली, "आजोबा, सात दिवस घरात राहायचं." मी चोपन्न वर्षांचा आहे. या आजारातलं पहिलं दुखणं तेच.

घरी आलो तर जयमालाने मागची खोली झाडून ठेवली होती. दारात ताट, वाटी, तांब्या आणि गादीवर उशी. तिची तपासणी निगेटिव्ह आली, तरी पोस्टातल्या नोकरीवर रजा टाकून घरीच बसणार आहे. मी तिला सांगितलं, कुणी विचारलं तर प्रशिक्षण.

"आयुष्यात पहिल्यांदा खरंच काहीतरी शिकायची वेळ आली," ती दाराबाहेरून म्हणाली.

१२ जानेवारी, बुधवार

आज जे झालं ते लिहायचं की नाही याचा अर्धा तास विचार केला.

घरी विलगीकरणात असलेल्या रुग्णांना रोज फोन करून चौकशी करायचं काम आम्हा शिक्षकांकडे आहे. तालुक्याला तुषार नावाचा मुलगा संगणकावर बसतो, तो रोज सकाळी प्रत्येकाला यादी पाठवतो. मी हे काम चोख करतो. आज माझ्या यादीत सात नावं होती. पाचवं: वासुदेव चुरी, पुरुष, ५४, डहाणू.

नियम म्हणजे नियम. पहिल्या चौघांना फोन केले आणि मग पाचवा नंबर लावला. बिझी आला. आणखी दोनदा लावला, दोन्हीदा बिझी. तीन प्रयत्न झाल्यावर शेरा लिहायचा असतो. मी लिहिलं, "रुग्णाचा फोन सतत व्यस्त."

दहा मिनिटांत तुषारचा फोन. "चुरी सर, पाच नंबरच्या पेशंटचं नावही वासुदेव चुरीच आहे. नातेवाईक का?"

"लांबचे आहेत."

"वय पण तेच आहे."

"आमच्या खानदानात तसं असतं."

तो काहीतरी टाइप करत म्हणाला, "मग सर, फोन लागत नसेल तर प्रत्यक्ष भेटून फॉर्म भरा ना. आणि दारावर सूचना चिकटवल्याचा फोटो लागेल."

भेटण्याचा प्रश्न नव्हता. खुर्चीत बसलो आणि प्रश्न मोठ्याने विचारले, कारण मनात विचारले की उत्तरं सैल येतात. ताप आहे का? आहे, थोडा. श्वास लागतो का? नाही. घरात स्वतंत्र संडास आहे का? आहे, पण नळ गळतो. काळजी घेणारी व्यक्ती कोण? बायको.

"कुणाशी बोलताय?" जयमालाने बाहेरून विचारलं.

"रुग्णाशी."

"मग त्याला सांगा, पेज झालीय."

सूचनेचा कागद मात्र पेच होता. बाहेर लावला तर सगळ्या सोसायटीला कळणार. शेवटी दाराच्या आतल्या बाजूला चिकटवून फोटो पाठवला. तुषार म्हणाला, "सर, हे दार आतून दिसतंय." मी म्हणालो, ज्याला सूचना द्यायची तो आतच आहे. त्याने फोटो जमा करून घेतला.

संध्याकाळी योगिताचा फोन आला. तिला प्रशिक्षणाबद्दल कुणीतरी आधीच सांगितलं होतं. म्हणाली, "सर, शिबिराची यादी रोज सकाळी तुम्हाला फोनवर वाचून दाखवेन. आणि प्रशिक्षणात जेवणाला चव लागते ना?" मी म्हणालो, व्यवस्था उत्तम आहे. हुशार मुलगी आहे, पण कधीकधी भलतंच विचारते.

१३ जानेवारी, गुरुवार

ताप एकशे एक. अंग ठणकतंय. नविनभाईंच्या मेडिकलमधून ऑक्सिजन मोजायचं यंत्र मागवलं, ते त्यांनी स्वतः स्कूटरवर आणून फाटकाला अडकवलं. जयमालाने त्यांनाही प्रशिक्षणाचंच सांगितलं होतं. ते खालून जयमालाला गुजरातीत ओरडून सांगून गेले, "मास्तरने कहेजो, ट्रेनिंगमां गरम पाणी पीए."

यंत्र शहाण्णव दाखवतं. दर दहा मिनिटांनी लावून बघतो.

मी घाबरलोय. हे इथे लिहितो. देवजीचा थोरला, लहान्या, गेल्या एप्रिलमध्ये गेला. अडतीस वर्षांचा, शाळेचा पत्रा एकट्याने चढवणारा माणूस. मार्चमध्ये मला रस्त्यात भेटून विचारलं होतं, "गुरजी, तुमी टोचून घेतलं, मी घेऊ का?" मी म्हणालो, तुझ्या वयाचा नंबर अजून लागला नाही, लागला की सांगतो. ते खरंच होतं. नंबर लागला नव्हता. चौथ्या दिवशी त्याचं बोलणं थांबलं आणि सहाव्या दिवशी दवाखान्याच्या वाटेवर तो गेला. सप्टेंबरात गॅरंटीचा कागद एका दमात लिहिला तो त्याच्यासाठी, लोकांना वाटलं, गुरुजी घाईत आहेत.

उद्या माझा चौथा दिवस.

१४ जानेवारी, शुक्रवार. संक्रांत

सकाळी योगिताने यादी वाचायला फोन केला. मला कळलं की चाळीस जणांच्या आधार कार्डाच्या झेरॉक्स अजून काढलेल्या नाहीत. मग मात्र माझा तोल गेला. पाच मिनिटं सलग बोललो. आयत्या वेळी धावाधाव, हे पाड्याला शोभतं का, मशीनमध्ये शाई नव्हती तर मंगळवारी का नाही कळवलं, मी सात दिवस नाही तर सगळं वाऱ्यावर सोडायचं का, सगळं बोललो. पलीकडे इतकी शांतता की वाटलं लाइन कटली. मग मागून कुणीतरी बाईमाणूस म्हणालं, "आज जोरात हाय." नेटवर्कबद्दल असावं.

"सर, अजून बोला ना," योगिता म्हणाली.

माझी शिस्त तिला आवडते हे मला माहीत होतं, पण इतकी, हे नव्हतं माहीत. झेरॉक्सवर आणखी दोन मिनिटं बोललो.

दुपारी चैत्या फाटकापाशी टेम्पो थांबवून एक गाठोडं ठेवून गेला. त्यात गवती चहाची जुडी, मधाची बाटली आणि टोपलीखाली पाय बांधलेली गावठी कोंबडी होती. निरोप होता, प्रशिक्षणात रस्सा मिळत नसेल. मला खरोखर भरून आलं. यांना वाटतंय मी सरकारी कामात झिजतोय, आणि मी इथे गादीवर पडून खोटं बोलतोय. रस्सा प्यायलो. चव लागली नाही, पण घसा सुटला.

तिळगूळ जयमालाने दाराखालून सरकवला. "गोड बोला," ती म्हणाली, "आणि जमलं तर खरं."

ताप संध्याकाळी उतरला. माझं बोलणं थांबलेलं नाही.

१५ जानेवारी, शनिवार

श्रुतिकाचा व्हिडिओ कॉल. पोरगी मुंबईत सूक्ष्मजीवशास्त्र शिकते, म्हणजे बापाच्या आजाराची तिला परीक्षेसारखी तयारी.

"बाबा, तुमचा दुसरा डोस एप्रिलचा. नऊ महिने झाले. अँटिबॉडी कमी होत जातात. त्यात हा व्हायरस बदललेला. लागण होऊ शकते. पण शरीराला ओळख राहते, म्हणून तुम्ही घरी पेज खाताय, ऑक्सिजनवर नाही."

"मग लसीची मुदत संपली असं सरळ म्हण."

"तसं नाही हो. लागण टाळायची ताकद लवकर उतरते, गंभीर होऊ न द्यायची जास्त टिकते. किती टिकते ते अजून मोजताहेत."

"मोजताहेत म्हणजे माहीत नाही."

"नाही माहीत पूर्ण. पण बाबा, तुम्ही ‘होणार नाही’ असं लिहून दिलंतच का? ‘होण्याची शक्यता कमी’ लिहायचं."

या मुलीने कधी देवजीशी व्यवहार केलेला नाही. शक्यता कमी म्हटलं तर तो विचारणार, किती पायलीने कमी. शक्यतेची गॅरंटी देत नाहीत. मी तिला म्हणालो, अठरा तारखेपर्यंत हे विज्ञान तुझ्याजवळच ठेव. एकदा दुसरा डोस टोचून होऊ दे, मग उतरते की चढते ते बघू.

फोन ठेवल्यावर वाईट वाटलं. तिसरीच्या मुलांना मी दर वर्षी सांगतो, उत्तर येत नसेल तर जागा कोरी सोडा, ठोकून देऊ नका.

१७ जानेवारी, सोमवार

ताप तीन दिवस नाही. आज सात दिवस पुरे. रुग्ण क्रमांक पाच याची प्रकृती उत्तम असा शेरा पाठवला. तुषारने उलट लिहिलं, "त्यांना सांगा, तालुक्याला आनंद झाला." लांबच्या नातेवाइकाची इतकी आस्था कुठे बघायला मिळते?

संध्याकाळी थेट देवजीचा फोन. "गुरजी, उद्या येता ना?"

"येतो म्हणजे काय, येणारच."

"चालवल ना तुमाला? म्हणजे, प्रशिक्षणाचा शीण असल."

मग जिजाने फोन घेतला. धापा टाकत बोलते ती. म्हणाली, "गुरजी, तो कागद हाय अजून आमच्याकडं. वाशाला बांधलाय." आणि फोन ठेवला. एवढंच. धमकी होती की आठवण, काही कळेना. अर्धा तास येरझाऱ्या घातल्या, शेवटी जयमाला म्हणाली, फरशी झिजेल.

१८ जानेवारी, मंगळवार

शिबिर झालं. सगळं क्रमाने लिहितो.

दोन मास्क लावून गेलो. कुणाच्याही जवळ जायचं नाही, लांबूनच देखरेख करायची, असं ठरवलं होतं. पण तशी वेळच आली नाही. पाड्याने माझ्यासाठी मैदानाच्या पार टोकाला, आंब्याखाली, एक खुर्ची मांडून ठेवली होती. खुर्चीभोवती राखेची गोल रेघ. शेजारी माझा वेगळा माठ, वेगळा पेला. इतक्या वर्षांत माझा असा मान कुणी राखला नव्हता. मुलं रेघेच्या बाहेर उभी राहून हात जोडत होती आणि एकही आत पाऊल टाकत नव्हतं. योगिताने त्यांना काय शिस्त लावली आहे.

लोक येत गेले. मी टोकावरून मोजत होतो. प्रत्येक जण टोचून घेण्याआधी आंब्याकडे बघायचा. चैत्या तर ओरडून म्हणाला, "गुरजी, जरा बोला काहीतरी." मी उभं राहून लसीकरणाचं महत्त्व सांगितलं, मैदानाच्या या टोकावरून त्या टोकाला ऐकू जाईल असं. खोकला आला नाही. भाषण संपल्यावर रांग एकदम वाढली. मला वाटायचं माझी भाषणं लोकांना कंटाळवाणी होतात.

साडेबारा झाले तरी जिजा आली नव्हती. मनात म्हटलं, तिला कळलंय, नक्की कळलंय. तेवढ्यात ती देवजीचा हात धरून आली. मैदानाच्या मध्यावर थांबली. माझ्याकडे बराच वेळ बघितलं.

"गुरजी," तिने तिथूनच विचारलं, "कितवा दिवस?"

मला वाटलं, प्रशिक्षणाचा. "सातवा," मी म्हणालो. "काल संपलं."

तिने मान डोलावली आणि नर्ससमोरच्या खुर्चीवर बसून दंड पुढे केला.

एकशे त्रेचाळीस अपेक्षित होते. एकशे त्रेचाळीसही आले, वर पहिला डोससुद्धा न घेतलेले आठ जण आले. नर्सला शेवटी नवी कुपी उघडावी लागली. घरी येताना मोटरसायकलवर रडलो. हेल्मेट होतं म्हणून कुणाला दिसलं नाही.

१९ जानेवारी, बुधवार

आजच्या यादीत पाचवं नाव नाही. दाराच्या आतला कागद काढला, सोबत रंगाचा पोपडाही निघाला. सगळ्या पाड्यात कुणालाही पत्ता लागला नाही. लबाडी केली हे खरं, पण ती नीट पार पाडली, याचं थोडं समाधान आहे.

६ मार्च, रविवार

बोंबलाचा वास आला. मांजरांच्या आधी आला.

२२ मे, रविवार. खडकीपाडा

शाळेला सुट्टी. परवा चैत्याचा फोन आला, "बाबानं बोलावलंय. जुनं शर्ट घालून या."

आलो तर देवजीच्या अंगणात गवताच्या पेंढ्यांचा ढीग, भिंतीला शिडी. देवजी छपरावर चढून जुनं गवत खाली ओढत होता. जिजा चुलीपाशी. मी विचारलं, काय काम काढलं?

"शाकारणी," देवजी वरून म्हणाला. "कागदात लिवलंय ना तुमी."

मी म्हणालो, देवजीबाबा, ते तर कोविड झाला तर.

"मग झालाच ना," तो म्हणाला. "द्या ती पेंढी वर."

मी पेंढी दिली. दुसरं काय करणार? शिडीवर चढलो आणि विचारलं, कधी कळलं?

"त्याच दिवशी. चैत्यानं तलासरीला पाहिलं. तुमी भिंतीकडं तोंड करून उभे. संध्याकाळी सगळा पाडा अंगणात बसला. कोण म्हणं कागद खोटा, आता नाय टोचायचं. जिजा म्हणाली, थांबा. लहान्या चौथ्या दिवशी बोलायचा थांबला. गुरजींचा चौथा दिवस बघू."

चैत्याने दिलेली पेंढी मी वर सरकवली.

"योगिताचा फोन आमी मोठ्या आवाजावर लावायचो," चैत्या खालून हसत म्हणाला. "रोज सकाळी सगळे ऐकायचे. चौथ्या दिवशी तुमी झेरॉक्सवरून काय वरडला, गुरजी. पोरं टाळ्या वाजवायला लागली, आम्ही गप्प केली."

"जिजा म्हणाली, वरडतोय म्हणजे औषध लागू हाय," देवजी म्हणाला. "एवढंच बघायचं होतं."

"मग मला तेव्हाच का नाही सांगितलं?"

"तुमी इतकी मेहनत करत होता. मोडवलं नाय."

राखेचं वर्तुळ, वेगळा माठ, "जरा बोला काहीतरी", सगळं एकेक करून आठवलं आणि कानशिलं तापली. मान म्हणे. बोलून मोकळं व्हावं म्हणून मी म्हणालो, "लहान्याने मला मार्चमध्ये विचारलं होतं. मी म्हणालो, नंबर नाही. ती गोष्ट माझ्या मनातून जात नाही."

देवजीने हातातलं गवत खाली ठेवलं. "ठाऊक हाय. त्यानं सांगितलं होतं घरी. नंबर काय तुमच्या हातात होता?" मग म्हणाला, "असता तर तुमी तवाच दिला असता. तसला कागद लिवायची पाळी आली नसती."

आम्ही पुन्हा गवत ओढायला लागलो. जुनं गवत काळं पडलेलं, हातात घेतलं की भुगा होत होता. मी विचारलं, हे किती वर्षांचं?

"गेल्या सालचं. उन्हानं खाल्लं, पावसानं खाल्लं. पण आमी खाली कोरडे निजलो."

तेव्हा जिजा चुलीपासून उठून शिडीखाली आली. वर बघत म्हणाली, "गुरजी, ती सुई पण अशीच का? दरसाल घालावी लागंल?"

चैत्या थांबला, देवजी थांबला. माझ्या तोंडात "नाही" तयार होतं. एकतीस वर्षं नोकरी झाली, मुलांनी काही विचारलं की काहीतरी उत्तर तयार असतंच. जिजा धापा टाकत वाट बघत होती.

"मला माहीत नाही," मी म्हणालो.

पाड्याच्या हद्दीत हे वाक्य मी आधी कधी उच्चारलंय, असं आठवत नाही.

"हां," देवजी म्हणाला. "आता कागद लिवा."

शिडीवरून उतरलो. शाळा उघडली, छापील कागद काढला आणि देवजीच्या अंगणात येऊन सगळ्यांसमोर लिहिलं. तो इथे उतरवून ठेवतो:

"लस घेतली तरी कोविड होऊ शकतो. मला झाला. घरी सात दिवस राहून बरा झालो. लसीची ताकद काळाने उतरते. किती महिन्यांत, ते मला माहीत नाही, माझ्या मुलीलाही पूर्ण माहीत नाही. तिसरा डोस मी या आठवड्यात घेतो. चार दिवस बघून पाड्यावर सांगायला येतो. तुमचा नंबर लागला की त्याच दिवशी कळवतो."

वाचून दाखवलं. गॅरंटी हा शब्द कुठे नव्हता आणि कुणी विचारलाही नाही. जिजाने गवताच्या काळ्या हाताने पहिला अंगठा उमटवला, शाई लागलीच नाही.

"शिक्का?" देवजीने विचारलं.

शिक्का शाळेत राहिला होता. पुन्हा गेलो, आणला. मारला तर फिका आला. दुसरा मारायला उचलला तेव्हा जिजा म्हणाली, "ऱ्हाऊ द्या. पुढच्या साली मारा."

देवजीने कागद प्लास्टिकच्या पिशवीत घातला, जुन्या कागदाच्या जागी वाशाला बांधला आणि मला पुढची पेंढी वर द्यायला सांगितली.